दोर कोणाच्या हातात?

ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार हा मिशन रविवार. त्या दिवशी उपदेशात दूरदूरच्या मिशन केंद्रांची नावे कानी पडतात, अर्पणविधीच्या वेळी पाकिटे जमा होतात आणि दुपारी पानावर बसेपर्यंत आपण सारे ते विसरून गेलेलो असतो. पाकिटातील नोट कोठे गेली, तिने काय केले, ज्याच्यासाठी ती दिली त्या माणसाचे नाव काय, हे विचारण्याची आपल्याला आठवण होत नाही. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा पाकीट येते, पुन्हा नोट जाते. १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी हा दिवस नेमून दिला तेव्हा वर्षातून एकदा तरी सर्वांना मिशनकार्याचे स्मरण व्हावे, हा हेतू होता. वर्षातून एकदाच व्हावे, असा नव्हता.

या लेखात आम्ही बाप्टिस्ट मंडळ्यांविषयी लिहिणार आहोत. कॅथलिक त्रैमासिकात बाप्टिस्टांची थोरवी कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांची नाराजी आम्ही गृहीत धरतो. आम्ही कोणाची आरती ओवाळायला बसलेलो नाही. बाप्टिस्टांच्या इतिहासातील काळी पानेही आम्ही उघडून दाखवणार आहोत. परंतु एक प्रश्न त्यांनी दोन शतकांपूर्वी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर देण्यासाठी ते आजवर धडपडत आले आहेत. मिशनकार्य कोणाचे? पाठवलेल्या माणसाचे, की पाठवणाऱ्या मंडळीचे? आमचे स्पष्ट म्हणणे असे, की आपण कॅथलिक कुटुंबांनी हा प्रश्न स्वतःला अजून नीट विचारलेलाच नाही. आणि तो न विचारल्यामुळे आपले धर्मग्राम देणगीदार झाले, भागीदार झाले नाहीत.

या दोन शब्दांतील अंतर लहान नाही. भागीदारी हा पेढीवरचा शब्द आहे. भागीदार नफ्यात असतो तसा तोट्यातही असतो. तो हिशेब मागतो आणि स्वतःचा हिशेब देतोही. देणगीदाराला तोटा नसतो. पावती फाटली की तो मोकळा.

प्रथम बाप्टिस्ट कोण, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज प्रॉटेस्टंटांतून हा पंथ निघाला. ते बालकांना स्नानसंस्कार देत नाहीत. स्वतःच्या तोंडाने श्रद्धा प्रकट करणाऱ्यालाच पाण्यात बुडवून तो देतात. त्यांच्यात बिशप नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते आणि दुसऱ्या कोणत्याही मंडळीचा वा महामंडळाचा हुकूम तिच्यावर चालत नाही. ख्रिस्तसभेच्या ऐक्याची आपली कल्पना याहून वेगळी आहे आणि ती आपल्याला प्राणप्रिय आहे. मात्र या व्यवस्थेचा एक परिणाम ध्यानात घेण्यासारखा आहे. जेथे हुकूम चालत नाही तेथे मन वळवावे लागते. एखादे काम दहा मंडळ्यांनी मिळून करायचे, तर दहाही ठिकाणच्या शेतकऱ्याला, चांभाराला, विधवेला ते काम आपले वाटावे लागते. भागीदारी हा तेथे हौसेचा भाग नाही. तिच्यावाचून गाडे हलतच नाही.

आपले प्रॉटेस्टंट बंधू ‘मंडळी’ म्हणतात, आपण ‘धर्मग्राम’ म्हणतो. एका शब्दात माणसे आहेत, दुसऱ्यात गाव आहे. गाव हा शब्द मोठा आणि उबदार आहे. परंतु गाव आपोआप चालते असे आपण समजतो, मंडळी मात्र जमवावी लागते.

बाप्टिस्ट जन्मतःच मिशनप्रेमी होते, असेही कोणी समजू नये. अठराव्या शतकात त्यांच्यातील कित्येकांचे मत असे होते, की परधर्मीयांचे जे करायचे ते देव करील, माणसाने त्यात लुडबुड करू नये. अमेरिकेत १८३२ साली मेरिलंडमधील ब्लॅक रॉक येथे जमलेल्या बाप्टिस्टांनी तर मिशन संस्थांविरुद्ध उघड निवेदनच काढले. म्हणजे आपल्याकडे आज जी उदासीनता दिसते, ती त्यांच्याकडे सिद्धान्त म्हणून मिरवत होती. तिच्याशी झगडूनच त्यांना पुढे जावे लागले.

हा झगडा ज्याने सुरू केला तो विल्यम कॅरी मराठी वाचकाला परका नाही. इंग्लंडमधील एका खेड्यात जन्मलेला हा चांभारकाम करणारा तरुण पुढे उपदेशक झाला. १७९२ साली त्याने एक पुस्तिका लिहून साऱ्या जगात सुवार्ता पोचवणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच आहे असे मांडले आणि मंडळीतील प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी बाजूला काढावी, अशी व्यवहारी सूचनाही केली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी एका विधवेच्या घरात डझनभर माणसे जमली आणि त्यांनी मिशन संस्था स्थापिली. त्या दिवशी वचन दिलेली रक्कम तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. या भांडवलावर माणूस हिंदुस्थानात पाठवायचा होता.

या प्रसंगाविषयी अँड्र्यू फुलर हा त्याचा सहकारी एक दृष्टान्त सांगत असे. हिंदुस्थान ही सोन्याची खाण आहे, परंतु ती पृथ्वीच्या पोटात खोल आहे. आत उतरायला कॅरी तयार झाला आणि वर उरलेल्यांनी दोर घट्ट धरण्याचे वचन दिले. आपल्याकडे दोर म्हटले की सिंहगड आठवतो. तेथे दोर कापून टाकण्यात पराक्रम होता, कारण परतीचा मोह तोडायचा होता. येथे पराक्रम दोर न सोडण्यात होता. फुलर मरेपर्यंत, म्हणजे १८१५ पर्यंत, तेवीस वर्षे हे काम करीत राहिला. गावोगावी हिंडून, दारोदारी जाऊन, स्कॉटलंडपर्यंत पुनःपुन्हा प्रवास करून त्याने मंडळ्या जाग्या ठेवल्या. खाणीत उतरलेल्याचे नाव जगाला ठाऊक आहे. दोर धरणाऱ्याचे ठाऊक नाही. दोर धरणाऱ्यांचे बहुधा असेच होते.

कॅरी १७९३ साली बंगालमध्ये उतरला आणि १८०० सालापासून कलकत्त्याजवळच्या सेरामपूर येथे मार्शमन व वॉर्ड या सहकाऱ्यांसह राहिला. तेथूनच १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण निघाले आणि १८१० साली मराठी शब्दकोश. पंडित वैजनाथ यांचे साहाय्य त्याला या कामी होते. आपल्या फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली, म्हणजे त्याच्या जवळजवळ दोन शतके आधी छापले गेले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु अभिमान बाळगणाऱ्याने हेही पाहावे, की इंग्लंडमधल्या आडगावातील लोकांनी आठवड्याच्या पेनीवर ज्या कामाला हात दिला, त्यातून आपल्या मायबोलीच्या छापील व्याकरणाची पायाभरणी झाली. त्यांनी मराठीचा शब्दही कधी ऐकला नसेल.

११ मार्च १८१२ रोजी सेरामपूरचा छापखाना आगीत भस्मसात झाला. कागद, हस्तलिखिते, अनेक भाषांचे खिळे, सारे गेले. बातमी इंग्लंडला पोचायला सहा महिने लागले. परंतु ती पोचल्यावर अवघ्या काही आठवड्यांत लहानमोठ्या मंडळ्यांनी नुकसान भरून काढण्याइतकी रक्कम उभी केली. ही वार्षिक पाकिटाची करामत नव्हे. वीस वर्षे ज्यांना पत्रे वाचून दाखवली गेली, ज्यांना त्या छापखान्यात काय छापले जाते हे ठाऊक होते, त्यांच्या दृष्टीने आग आपल्या घराला लागली होती.

येथेच गोष्ट थांबली असती तर आम्हांला लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ती एक बोधकथा झाली असती. परंतु फुलरच्या मृत्यूनंतर संस्थेचा कारभार नव्या माणसांच्या हाती गेला. सेरामपूरची इमारत कोणाची, मिळकत कोणाच्या नावावर, निर्णय कोणी घ्यायचा, असे वाद पेटले. ज्यांनी आयुष्य तेथे घालवले त्यांना, ज्यांनी तो प्रदेश पाहिलाही नव्हता अशी माणसे हुकूम पाठवू लागली. १८२७ साली सेरामपूरकरांनी संस्थेशी संबंध तोडला. समेट झाला तो १८३७ साली, आणि तोवर कॅरी मरण पावून तीन वर्षे झाली होती. दोराचे दावे झाले होते. दोर धरणारा वर उभा असतो आणि दावे धरणाराही वरच उभा असतो. दुरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. तो कळतो खाली उतरलेल्या माणसाला.

आणखी एक हिशेब आम्ही येथे मांडू इच्छितो, कारण मिशनगौरवाच्या भाषणांत तो मांडला जात नाही. कॅरीची पत्नी डॉरथी आरंभी हिंदुस्थानात यायलाच तयार नव्हती. बंगालमध्ये तिचा लहान मुलगा दगावला, तिच्या मनाचा तोल गेला आणि १८०७ साली त्याच अवस्थेत तिचा अंत झाला. तिचा दोर कोणी धरला होता? ज्या भागीदारीत कुटुंबाचे दुःख नोंदले जात नाही, ती भागीदारी अपुरी आहे, मग तिने कितीही ग्रंथ छापलेले असोत.

आता जमैकाकडे वळू. भागीदारीचा आरंभ देणाऱ्यानेच केला पाहिजे, हा भ्रम तेथे दूर होतो. जॉर्ज लाइल हा अमेरिकेतील गुलामगिरीतून मुक्त झालेला काळा उपदेशक. कॅरीच्या दहा वर्षे आधी, १७८३ साली, तो किंग्स्टनला पोचला आणि गुलामांमध्ये त्याने मंडळी उभी केली. त्याला कोणत्याही संस्थेने पाठवलेले नव्हते. काम वाढले तेव्हा त्याने व त्याचा सहकारी मोझेस बेकर याने इंग्लंडच्या बाप्टिस्टांना पत्रे लिहून हात मागितला आणि १८१४ साली तेथून पहिला मिशनरी आला. ध्यानात घ्या, मंडळी आधी होती, मिशनरी नंतर आला. साहाय्य मागणारे भिकारी नव्हते, यजमान होते.

लंडनच्या समितीची आपल्या मिशनऱ्यांना ताकीद होती, की राजकारणात पडू नये, म्हणजे गुलामगिरीविषयी बोलू नये. १८३१ च्या नाताळात सॅम्युएल शार्प या गुलाम असलेल्या बाप्टिस्ट डीकनच्या प्रेरणेने हजारो गुलामांनी काम नाकारले. उठाव चिरडला गेला, शेकडोंना ठार करण्यात आले आणि मे १८३२ मध्ये शार्पला फाशी दिले गेले. मळेवाल्यांनी प्रार्थनामंदिरे जाळली. तेव्हा विल्यम निब हा मिशनरी इंग्लंडला परतला आणि त्याने मंडळ्यांसमोर सारे सांगायचे ठरवले. भर सभेत संस्थेचा चिटणीस त्याच्या कोटाचे टोक ओढून त्याला आवरू पाहत होता, अशी आठवण सांगतात. निब थांबला नाही. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरीविरुद्ध कायदा केला आणि १ ऑगस्ट १८३८ रोजी जमैकाचे गुलाम पूर्णपणे मुक्त झाले. या यशाचे श्रेय अनेकांचे आहे. परंतु इंग्लंडच्या खेड्यातील जी बाई आठवड्याला पेनी देत होती, तिला त्या पेनीच्या दुसऱ्या टोकाला बेड्या घातलेला एक धर्मबंधू आहे हे कळले आणि तिने त्याच्या मुक्तीच्या अर्जावर सही केली, हेही खरे. समितीला दान हवे होते. मंडळ्यांनी दानाबरोबर न्यायही मागितला. मिशनकार्यात सामान्य कुटुंबे खरोखर उतरली म्हणजे असे होते. म्हणूनच ती उतरू नयेत असे कोणाकोणाला वाटत असते.

पुढे १८४२ साली जमैकाच्या मंडळ्यांनी इंग्लंडचे आर्थिक साहाय्य स्वतःहून नाकारून आपल्या पायांवर उभे राहण्याचे ठरवले. आणि लगेचच्या वर्षांत, काल गुलाम असलेल्या या लोकांतून काहीजण सुवार्ता घेऊन पश्चिम आफ्रिकेला गेले. मिळालेला हात त्यांनी पुढच्याला दिला.

याच काळातील दुसरे पान काळेकुट्ट आहे. अमेरिकेत गुलामांचा मालक मिशनरी होऊ शकतो काय, या प्रश्नावर बाप्टिस्ट दुभंगले. होऊ शकतो, असे म्हणणाऱ्या दक्षिणेकडील मंडळ्यांनी १८४५ साली ऑगस्टा येथे आपले वेगळे महामंडळ काढले. त्यांनी मिशनकार्यासाठी अमाप निधी जमवला आणि जगभर माणसे पाठवली. त्यांच्यातील लॉटी मून या शिक्षिकेने चीनमधून लिहिलेल्या पत्रांवरून १८८८ साली स्त्रियांनी नाताळची वर्गणी जमवली. तीन हजार डॉलरांहून थोडी अधिक रक्कम आणि त्यातून तीन नव्या मिशनरी स्त्रिया, असा तिचा आरंभ होता. हे सर्व खरे आणि वंदनीय. परंतु ज्या महामंडळाचा पायाच गुलाममालकाच्या हक्कावर घातला गेला होता, त्याला त्या पापाची जाहीर क्षमा मागायला १९९५ साल उजाडावे लागले. उत्साह, शिस्त, निधी हे सारे असूनही मंडळी आंधळी असू शकते. दूरच्या माणसावर प्रेम करणे सोपे असते. अंगणात राबणाऱ्यावर करणे कठीण. हा दोष केवळ बाप्टिस्टांचा आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आपल्या देशातील उदाहरण पाहू. नागा टेकड्यांत सुवार्ता कोणी नेली, असे विचारले तर एडवर्ड क्लार्क या अमेरिकन मिशनऱ्याचे नाव सांगितले जाते. परंतु त्याच्या आधी तेथे गेला गोधुला हा शिवसागरच्या मंडळीतील आसामी सुवार्तिक. आओ नागांनी त्याला प्रथम संशयाने कोंडून ठेवले, पुढे त्याचे गाणे ऐकले, आणि १८७२ साली नऊ आओ नागा त्याच्याबरोबर शिवसागरला येऊन बाप्तिस्मा घेते झाले. शिवसागरची मंडळी काही श्रीमंत नव्हती. आज नागालँड बहुसंख्येने बाप्टिस्ट आहे. मिझोराममध्ये, उत्तरेकडच्या प्रेस्बिटेरियन आणि दक्षिणेकडच्या बाप्टिस्ट अशा दोन्ही घरांत, स्वयंपाकाला तांदूळ घेताना गृहिणी त्यातला एक मूठ बाजूला काढते. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली ही रीत अजून चालू आहे. त्या मुठी गोळा करून विकल्या जातात आणि त्या पैशावर सुवार्तिक ठिकठिकाणी जातात. वर्षातून एकदा पाकीट आणि दिवसातून दोनदा मूठ, यांतील फरक रकमेचा नाही. ज्या घरात रोज मूठ निघते, त्या घरातील मुलाला मिशन म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आता आक्षेपांकडे येऊ.

पहिला आक्षेप: ‘हे पंथवाले आमचीच माणसे पळवतात, त्यांच्याकडून काय शिकायचे?’ शहरांतील काही नव्या प्रार्थनागटांविषयी ही तक्रार खरी आहे आणि तिची वेदना आम्हांलाही आहे. परंतु त्या गटांचे आणि जागतिक बाप्टिस्ट संघाचे पाप-पुण्य एका खात्यावर मांडू नये. या संघाशी आपल्या ख्रिस्तसभेने १९८४ ते १९८८ या काळात अधिकृत संवाद केला. त्यात सुवार्ताप्रसार आणि पळवापळवी यांतील भेदाचीही चर्चा झाली. शिवाय आपला तरुण उंबरठा ओलांडून जातो तो बहुधा सिद्धान्त पटला म्हणून नव्हे. तेथे त्याला दुसऱ्याच रविवारी काहीतरी काम दिले जाते. येथे वीस वर्षांत त्याला बाकावर बसण्यापलीकडे कोणी काही सांगितलेले नसते. शेजाऱ्याला दोष देण्यापूर्वी आपण हे मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप: ‘मिशन हे फादर-सिस्टरांचे काम.’ हा आक्षेप घेणाऱ्याने वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या मूर्तीपुढे उभे राहून तो पुन्हा उच्चारावा. १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर प्राण देणारे आपले हे भूमिपुत्र धर्मगुरू नव्हते. ते आधी व्यापारी होते, नंतर फ्रान्सिस्कन बंधू. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्यावरील आज्ञापत्रात निःसंदिग्धपणे सांगितले आहे, की ख्रिस्तसभा स्वभावतःच मिशनरी आहे. सभा म्हणजे कोण? केवळ वेदीवरचे, की बाकांवरचेही?

तिसरा आक्षेप: ‘आजच्या भारतात मिशनचे नाव काढणे म्हणजे संकट ओढवून घेणे.’ अनेक राज्यांनी धर्मांतराविषयी कायदे केले आहेत आणि संशयाचे वातावरण आहे, हे आम्ही जाणतो. परंतु आमिष दाखवून दिलेला संस्कार हा आधी देवाचा अपराध आहे, कायद्याचा नंतर. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात आंध्रातील ओंगोलचा बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाउ याने बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा ठेका घेऊन हजारोंना मजुरी मिळवून दिली. हजारो लोक बाप्तिस्मा मागत आले. दुष्काळी मदत चालू असेपर्यंत त्याने तो दिला नाही. मदत थांबल्यावर, ३ जुलै १८७८ या एका दिवशी, २,२२२ जणांनी तो घेतला. या आकड्याचे आम्हांला फारसे कौतुक नाही. त्याआधीच्या नकाराचे आहे. भाकरी आणि बाप्तिस्मा यांची सांगड घालायची नाही, हा विवेक आपल्यालाही हवा. २०११ साली व्हॅटिकनचा आंतरधर्मीय संवाद विभाग, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघ यांनी मिळून काढलेल्या निवेदनाचा आशय हाच आहे.

चौथा आक्षेप कोणी तोंडाने घेत नाही, पण तोच सर्वांत बळकट आहे: ‘पैसे दिले की झाले.’ त्याला उत्तर आपल्याच घरात आहे. १८२२ साली फ्रान्समधील लिओं शहरी पोलिन जारिको या तरुणीने मिशन साहाय्य संस्था उभी केली. तिची रीत साधी होती. दहाजणांचा एक गट, प्रत्येकाची रोजची एक प्रार्थना आणि आठवड्याची एक छोटी नाणे-वर्गणी. दहा दहांचे शंभर, शंभरांचे हजार. रेशीम कारखान्यांतील कामकरी मुलींपासून हे लोण पसरले. २०२२ साली तिला धन्य घोषित करण्यात आले. कॅरीची आठवड्याची पेनी आणि जारिकोचे आठवड्याचे नाणे यांत तीस वर्षांचे अंतर आहे, कल्पना सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. फरक पुढे पडला. आपल्याकडे नाणे टिकले, दहांचा गट विरला. वर्गणी राहिली आणि मंडळी गेली.

आणि म्हणून आमची मागणी नवी नाही. व्हॅटिकन परिषदेच्या त्याच आज्ञापत्रात स्थानिक समाजांनी मिशन प्रदेशातील एखाद्या धर्मग्रामाशी वा धर्मप्रांताशी सजीव संबंध जोडावा, मात्र जगभरच्या कार्याचा विसर पडू देऊ नये, असा उपदेश आहे. साठ वर्षे तो कागदावर आहे.

तो अमलात आणताना बाप्टिस्टांनी ठेच खाऊन शिकलेले शहाणपण आपण फुकट घेऊ शकतो. प्रत्येक धर्मग्रामाने बिशपमहोदयांच्या संमतीने एक जोडीदार निवडावा. त्यासाठी परदेशी जायला नको, आपल्याच पालघर जिल्ह्यात तलासरी, जव्हार, मोखाडा आहेत. निर्णय एकट्या फादरांचा नसावा. धर्मग्राम परिषदेत आणि वाड्यावाड्यांत चर्चा होऊन तो व्हावा, म्हणजे फादरांची बदली झाली तरी तो टिकेल. बांधिलकी किमान पाच वर्षांची असावी. दहा दिवसांचा दौरा, शाळेच्या भिंतीला रंग आणि आदिवासी मुलांसोबत छायाचित्रे, हा प्रकार भागीदारी नव्हे. अमेरिकेतील मंडळ्यांनी तो भरपूर करून पाहिला आणि त्यांच्यातलेच विचारी लोक आता त्यावर टीका करीत आहेत. भिंत रंगवायला गावात रंगारी असतो. जाणाऱ्याने आधी तेथली बोली शिकावी आणि तेथल्या माणसांना काय हवे ते विचारावे. त्यांना ‘नको’ म्हणण्याचा अधिकार असावा. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला जावा. आणि येणेजाणेही दोन्ही बाजूंनी असावे: वारली कुटुंबाने आपल्या घरी पाहुणे म्हणून राहावे, आपल्या सभागृहात बोलावे आणि आपल्या लग्नांतील उधळपट्टीविषयी त्यांना काय वाटले तेही सांगावे. ऐकून घेण्याची तयारी नसेल तर आपण अजून मळेवाल्यांच्या बाजूला आहोत, असे समजावे.

एवढे करायला पैसा फारसा लागत नाही. वेळ लागतो, आणि तोच द्यायला आपण कृपण आहोत. जमिनीला भाव आले, बंगले उभे राहिले, मुले परदेशी गेली. मिशनला नोट द्यायला आता आपल्याला काहीच पडत नाही. जे द्यायला काही पडत नाही ते दान असेल. प्रभूने विधवेच्या दोन टोल्यांचे कौतुक केले ते मात्र वेगळ्या कारणासाठी.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या गावांतून गेलेले धर्मगुरू आणि धर्मभगिनी आज दूरदूरच्या डोंगरांत, वस्त्यांत काम करीत आहेत. त्यांच्या दीक्षेच्या दिवशी आपण मांडव घातला, बँड लावला, गावजेवण दिले. नंतर कितीजणांना आपण पत्र लिहिले? कितीजणांच्या वस्तीत आपण चार दिवस राहून आलो? ती माणसे खाली उतरलेली आहेत. त्यांना उतरवताना आपण सारे काठावर उभे होतो आणि दोराला आपलेही हात लागलेले होते. पुढच्या मिशन रविवारी पाकीट जरूर भरावे. परंतु ते टाकण्यापूर्वी आपल्या तळहाताकडे एकदा पाहावे. दोर धरलेल्या हाताला वळ उठतात. आपल्या हातांना ते उठले आहेत काय?